किलिमांजारोची वाट आणि एक खोटे उत्तर

वाचकहो, एखाद्या सत्कार्यासाठी निधी उभारावयाचा आणि त्यासाठी उंच पर्वत चढावयाचा, अशा मोहिमांची निमंत्रणे आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाहीत. पन्नाशी ओलांडलेली, नियमाने चालायला जाणारी, मुलाबाळांच्या जबाबदारीतून थोडी मोकळी झालेली माणसे अशा मोहिमांत उत्साहाने नाव नोंदवतात. मीही नोंदवले. गरजू मूत्रपिंडरुग्णांच्या डायलिसिसचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेने टांझानियातील किलिमांजारोवर चौदा जणांची तुकडी नेली, तीत मी होते. शिखरावर मी पोहोचले नाही. का पोहोचले नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. उद्या आपल्यापैकी कोणी अशा वाटेला निघाले, तर माझी चूक त्याच्या उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.

निधीची पद्धत साधी होती. प्रवासखर्च प्रत्येकाने स्वतः करावयाचा आणि ओळखीच्यांकडून जमलेली सर्व रक्कम डायलिसिससाठी द्यावयाची. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका निवृत्त गणितशिक्षकांनी तर हिशेबच मांडला. शिखराची उंची ५,८९५ मीटर. मीटरमागे एक रुपया. "बाई, शिखरावरचा फोटो दाखवा आणि पैसे घेऊन जा," असे ते हसत म्हणाले. त्यांचे पाहून इतरही काहींनी मीटरमागे रुपया कबूल केला. त्या वेळी मला ही कल्पना फार गोड वाटली. तिचे ओझे पुढे किती जड होणार आहे, हे ध्यानात आले नाही.

अरण्यातून वाळवंटाकडे

किलिमांजारो हा आफ्रिका खंडातील सर्वांत उंच पर्वत. तो कोणत्याही रांगेचा भाग नाही; सपाट माळावर एकटा उभा आहे. मूळचा ज्वालामुखी, त्याची शिरा, मावेन्झी आणि किबो अशी तीन मुखे. सर्वोच्च शिखर किबोवर आहे. १८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी ते प्रथम सर केले. तेव्हा हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता आणि शिखराला जर्मन सम्राटाचे नाव दिले गेले. १९६१ साली टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या सैनिकी अधिकाऱ्याने तेथे नव्या राष्ट्राचा ध्वज रोवला. आज त्या जागेचे नाव 'उहुरू' आहे. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

वर जाण्याच्या अनेक वाटा आहेत. आमची लेमोशोची वाट पश्चिमेकडून चढते आणि आठ दिवस घेते. आपले कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. आमची पहिली पावले पडली तीच दोन हजार मीटरच्या वर, हे सांगितले म्हणजे पर्वताच्या आकाराची कल्पना यावी.

पहिला दिवस दाट, ओलसर अरण्यातला. झाडांवरून शेवाळाच्या जटा लोंबत होत्या आणि लांब पांढऱ्या केसांची काळी कोलोबस माकडे फांद्यांवरून आमच्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी झाडे खुजी झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही शिराच्या विस्तीर्ण पठारावरून चालत होतो आणि पश्चिमेला मेरू पर्वताचा सुळका ढगांवर तरंगत होता. चौथ्या दिवशी बारांको दरीत मोठाल्या सेनेशियोची रोपटी भेटली. माणसापेक्षा उंच, वाळलेल्या पानांची जाड लोकर खोडाला गुंडाळून उभी असलेली. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा भाजणारे ऊन त्यांना रोजच सोसावे लागते. त्याच्याही वर केवळ दगड, राख आणि वारा.

आमच्या पुढे पोर्टर चालत. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका पोर्टरने २० किलोपेक्षा अधिक ओझे वाहू नये. प्रवेशद्वारावर वजनकाटा असतो. तंबू, शिधा, भांडी, गॅस, सारे त्यांच्या डोक्यावर. करांगा दरीच्या पुढे वाटेवर पाणी मिळत नाही, म्हणून वरच्या मुक्कामाचे पिण्याचे पाणीही तेच खालून वाहून आणतात. तो चहाचा पेला हातात घेताना मला प्रत्येक वेळी संकोच वाटे. चहाला ते 'चाय'च म्हणत, पोळीला 'चपाती' आणि मला 'मामा दाक्तारी'. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत मी थोडी गोंधळलेच होते.

विरळ हवेत शरीर काय करते

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा एक समज आहे. वास्तविक ते खाली असते तेवढेच, सुमारे २१ टक्के, वरही असते. घटतो तो हवेचा दाब. किलिमांजारोच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत येणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल सावरू लागतात आणि लघवी वाढते. या जुळवणीला दिवस लागतात. म्हणून आमचे गाइड दिवसभर एकच मंत्र म्हणत, 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. चौथ्या दिवशी ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढवून मुक्कामाला त्यांनी आम्हांला सहाशे-साडेसहाशे मीटर खाली आणले, तेही याच कारणासाठी. दिवसा उंच चढावे, रात्री खाली निजावे, ही या वाटेची जुनी रीत.

शरीराला सवड मिळाली नाही, तर डोके दुखते, मळमळते, भूक मरते, झोप लागत नाही, थकवा येतो. हा विरळ हवेचा सौम्य आजार. तो वाढला की मेंदूला सूज येऊ शकते. मग माणूस अडखळतो, बरळतो, त्याचे भान हरपते. किंवा फुप्फुसांत पाणी साठते. मग बसल्या जागीही धाप लागते आणि खोकला येतो. हे दोन्ही प्राणघातक आहेत आणि दोहोंवरचा खरा उपाय एकच, विनाविलंब खाली उतरणे. प्राणवायू आणि औषधे उतरण्यास मदत करतात. उतरण्याची जागा घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. व्यायामाने कमावलेले शरीर या आजारापासून वाचवत नाही. मी वर्षानुवर्षे टेकडी चढते, रक्तदाब उत्तम, साखर उत्तम. आमच्यातला एक सुटलेल्या पोटाचा व्यापारी मजेत वर गेला. डोके दुखू लागले ते माझे.

खोटे उत्तर

रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत मुख्य गाइड प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावी आणि वहीत पाहून तेच प्रश्न विचारी. डोके दुखते का? मळमळते का? चक्कर येते का? थकवा किती? लाव्हा टॉवरच्या दिवसापासून माझे डोके दुखत होते. मी म्हटले, "नाही." प्रश्नांची वेळ मला ठाऊक होती, म्हणून तासभर आधी पॅरासिटामॉल घेत असे. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून गरम करी आणि सावकाश खोल श्वास घेई, म्हणजे आकडा थोडा वर सरके. तीस वर्षे वैद्यकी करून जे शिकले, ते मी गाइडला फसवण्यासाठी वापरत होते.

का? वाचकहो, मी स्वतःलाही हेच विचारले आहे. अर्धे उत्तर मीटरमागच्या त्या रुपयात आहे. मी मागे फिरले तर कोणाचा तरी डायलिसिस चुकेल, असे काहीसे माझ्या मनाने धरले होते. उरलेले अर्धे अधिक अप्रिय आहे. तुकडीत मी एकटीच डॉक्टर होते. सगळे आपल्या तक्रारी माझ्यापाशी आणत. आजारी पडणे मला शोभणार नाही, असे मला वाटत होते.

शेवटचा मुक्काम बाराफू, उंची ४,६७० मीटरच्या आसपास. स्वाहिलीत बाराफू म्हणजे बर्फ. शब्द कानावर पडताच आपल्याला ओळखू यावा असा. मध्यरात्री चढाई सुरू झाली. डोक्याला बांधलेल्या विजेऱ्यांची एक रांग अंधारात सावकाश वर सरकत होती. पाणी नळीत गोठले. अडीच-तीन तासांनी मी एका दगडाला अडखळले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा वाटेत दगडच नव्हता.

माझ्यामागे चालणाऱ्या साहाय्यक गाइडने मला थांबवले. त्याने बुटाने राखेत एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "मामा दाक्तारी, टाचेला चवडा लावून या रेघेवरून चाला." ही तपासणी मी रुग्णांची कितीदा तरी केली आहे. मी चार पावले टाकली आणि कलंडले. त्याने मला धरले. मग अगदी शांतपणे विचारले, "डोके केव्हापासून दुखते?" या वेळी मी खरे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुशुके." उतरू या.

मी वाद घातला, हेही कबूल करते. शिखर आता सहाशे मीटरच उरले होते. पैशांचे सांगितले, रुग्णांचे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. बाकीची तुकडी वर गेली. आम्ही दोघे खाली. बाराफूला मला डेक्सामेथासोन आणि प्राणवायू दिला आणि न थांबता आम्ही उतरत राहिलो. उजाडले तेव्हा मावेन्झीच्या मागून सूर्य वर येत होता. दुपारी ३,१०० मीटरवरील म्वेका मुक्कामी पोहोचलो, तोवर डोकेदुखी गेली होती आणि मला भूक लागली होती. आणखी दोन तास वर चढत राहिले असते तर काय झाले असते, हे डॉक्टर म्हणून मला नेमके ठाऊक आहे. ते येथे लिहीत नाही.

परतल्यावर

संस्थेच्या चिटणीसांना मी भीत भीत सारे सांगितले. ते म्हणाले, "अहो, बहुतेकांनी पैसे तुम्ही निघण्यापूर्वीच भरले आहेत. शिखराची अट कोणी घातली होती?" ज्या अटीपायी मी जीव धोक्यात घातला, ती फक्त माझ्या डोक्यात होती.

गणितशिक्षक दवाखान्यात आले, तेव्हा फोटो नव्हता. मी त्यांना ऑक्सिमीटरपासून रेघेपर्यंत सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, एक सांगू का? रक्तदाबाची गोळी मी तीन महिन्यांपासून घेत नाही. तुम्ही विचारता, मी हो म्हणतो. इथे यायच्या दिवशी तेवढी घेऊन येतो." मी रागावू कशी? पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तो वाढलेलाच होता. गोळी त्यांना का नकोशी झाली, हे त्या दिवशी मी प्रथमच नीट विचारले. जाताना त्यांनी पाकीट ठेवले. आत पूर्ण ५,८९५ रुपये होते.

आपण निघणार असाल तर

निधीची रक्कम शिखराशी बांधू नका. निघण्याचे पैसे ठरवा, पोहोचण्याचे नको. जमलेल्या रकमेतून प्रवासखर्च भागवला जातो की ती पूर्णपणे कार्याला जाते, हे आयोजकांना लेखी विचारा. पोर्टरांना मजुरी, अन्न आणि गरम कपडे नीट मिळतात का, हेही विचारा; आपल्या सत्कार्याची किंमत त्यांनी मोजावी, हे योग्य नव्हे.

कमी दिवसांची, स्वस्त मोहीम टाळा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस असावा, हे सर्वसाधारण सूत्र आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराच्या जुळवणीला मदत करते, पण ते आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे. मी ते घेत होते, तरी आजारी पडले, हेही लक्षात ठेवा. हृदयविकार, दमा, मधुमेह किंवा रक्तक्षय असेल, तर तपासणीवाचून निघू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गोठू नये म्हणून अंगाशी धरून ठेवावे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल अनेक घरांत आहे. ज्यांच्या रक्तात तो केवळ वाहक रूपाने आहे, त्यांनाही अशा उंचीवर प्लीहेचा त्रास उद्भवू शकतो. तेव्हा ती रक्ततपासणी आधी करून घ्या.

आणि संध्याकाळी गाइड वही उघडून विचारील, डोके दुखते का? दुखत असेल, तर हो म्हणा.