सूर तुटतो कुठे?

आम्ही मंडळातले चार-पाच जण हौसेने गाणी, ओव्या रेकॉर्ड करतो. त्यामुळे ‘कुठला कॉम्प्युटर घेऊ?’ हा प्रश्न हमखास येतो. सगळे प्रोसेसरचा वेग बघतात. मदरबोर्डवरच्या चिपसेटची चौकशी कोणीच करीत नाही. खरी मेख तिथेच आहे.

थोडं गणित करू. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला १,७६,४०० बाइट्स लागतात. २००३ साली आमच्या मशीनच्या पीसीआय बसची क्षमता, कागदावर का होईना, सेकंदाला १३३ मेगाबाइट्स होती. म्हणजे जागा मुबलक! तरी रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्-टक्’ यायचंच. कारण रस्ता सामायिक. नेटवर्क कार्डाने तो क्षणभर अडवला की साउंड कार्ड खोळंबायचं. २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सहा मिलिसेकंदांचीही उसंत नाही; तेवढ्यात माहिती पोचली नाही की सूर तुटलाच. ते कार्ड काढलं आणि आवाज स्वच्छ झाला. पण तोवर लेकाकडे आलेल्या एका आजींच्या ओव्या टकटकीसकट टिपल्या गेल्या होत्या, आणि आजी साताऱ्याला परतल्या होत्या.

आजचे रस्ते कितीतरी रुंद आहेत. तरी यूएसबी, डिस्क, नेटवर्क यांतलं बरंच काही अजूनही चिपसेटमधून एकाच दुव्याने प्रोसेसरकडे जातं. तेव्हा मंडळी, रेकॉर्डिंगआधी वाय-फाय बंद करा, ऑडिओ इंटरफेस हबला न लावता थेट मशीनला जोडा आणि पाच मिनिटं चाचणी घ्या. इथे अमेरिकेत आलेली आई-आजी काही महिन्यांनी परत जाते. तिचा आवाज पहिल्याच खेपेला नीट यायला हवा.