निमोचे शिरस्त्राण

दरसाल गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देण्यास तेथे येतात. परंतु त्याआधी, पौषाच्या थंडीत, जुन्नर-आंबेगावच्या शाळांची स्नेहसंमेलने निघाली की आमच्या कपडेपटाच्या दारी मुलांची जी रीघ लागते, तिचा मला अधिक लोभ आहे. अमेरिकेतील मुले ३१ ऑक्टोबरला सोंगे घेऊन दारोदार हिंडतात; आमच्या मुलांचा तो दिवस संमेलनाचा. शिवनेरीच्या सावलीत वाढलेल्या बहुतेकांना शिवाजी महाराज व्हायचे असते, सबब जिरेटोप आणि अंगरखे फळीवर सदैव सिद्ध असतात.

एके वर्षी मात्र मंचरकडच्या एका मुलाने कॅप्टन निमोचा वेश मागितला. ज्यूल व्हर्नच्या १८७० सालच्या कादंबरीत ज्याचा मुलूख गुलदस्तात ठेवला आहे, तो हा पाणबुडीचा नायक १८७५ च्या कादंबरीत बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, सत्तावनच्या उठावात लढलेला, असा निघतो, हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. त्याहून माझ्यातला शिंपी खिळला तो एका तपशिलावर: नौकेवरील वस्त्रे शिंपल्यांच्या तंतूंची विणलेली आणि गोगलगाईंच्या जांभळ्या रंगात रंगविलेली. ते तंतू मला कोठले मिळणार! लावणीच्या नाचात विरून बाद झालेला एक जांभळा शालू पेटीत होता. तो उलटा करून, जर आत दडवून, मी त्याचा अंगरखा बेतला.

शिरस्त्राण अधिक कठीण. मडक्यावर मेथीचे पीठ घातलेला कागदाचा लगदा थापला, तो सुकल्यावर तांबूस बेगड चढविली, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तीन खिडक्या कापून त्यांना जिलेटीन कागद लावला. तालमीत मुलाच्या श्वासाने तो कागद धुरकटला, त्याला पायरी दिसली नाही आणि गुडघा फुटला. तो रडला नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. वेश देखणा करताना आतल्या देहाचा विचार मी केला नव्हता, आणि तो विचार हेच आमच्या धंद्याचे पहिले कर्तव्य आहे.

दुसऱ्या दिवशी कामानिमित्त खोडदला गेलो. तेथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, मी पूर्वी शेकडो वेळा पाहिल्या होत्या; परंतु ती दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्यांना पत्रा न ठोकता ताणलेल्या तारांवर जाळी बसविली, जेणेकरून वारा आरपार जावा आणि भारही कमी व्हावा, ही गोष्ट त्या सकाळी प्रथमच माझ्या कामाची ठरली. घरी येऊन पिठाची जुनी चाळण कापली आणि तिची जाळी खिडक्यांना शिवली. दिव्याच्या झोतात ती काचेसारखी लकाकत असे, आणि आतून पोराला सारे सभागृह दिसे.

संमेलनानंतर तीन दिवसांनी वेश परत करावयास तो स्वतः आला. एस.टी. फाट्यावर थांबली तेव्हा खिडकीतून प्रथम दिसले ते तांबूस शिरस्त्राण. मंचरपासून तो ते डोक्यावर घालूनच बसला होता.