उजेड बघून कॅमेरा घ्या

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या की अकोल्यातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक एकच प्रश्न घेऊन येतं. "भाऊ, पोट्टे घेऊन इमॅजिकाले चाल्लो. कोनता कॅमेरा घेऊ, सांगा बरं." कुणी हैदराबादला रामोजी फिल्मसिटी बघायला निघालेलं असतं, कुणाची धाव नागपूरच्या वॉटर पार्कपर्यंत. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं: मेगापिक्सेल जास्त, झूम मोठा, गळ्यात घातला की भारदस्त दिसेल असा. कॅमेरे विकणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा. तरीही माझं मत वेगळं आहे. घरच्या सहलीसाठी कॅमेरा घेताना किंमत शेवटी बघावी. आधी तिथला उजेड बघावा, आणि दिवसभर तो कॅमेरा कुणाच्या हातात राहणार आहे ते बघावं.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकतो. अल्बममधला चार बाय सहा इंचांचा फोटो उत्तम छापायला १८०० गुणिले १२०० ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून वीस बाय तेरा इंचांचा फोटो त्याच दर्जाचा निघतो. एवढा मोठा फोटो घरात फार तर एखादा लागतो, तोही आजीच्या पंचाहत्तरीला. त्यामुळे जुन्या मॉडेलला २४ आणि नव्याला ३२ मेगापिक्सेल आहेत, एवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता उजेड. थीम पार्क म्हणजे एकाच कुंपणात तीन तऱ्हेचा उजेड असतो. खोपोलीजवळचा इमॅजिका २०१३ साली सुरू झाला, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आला आणि २०१६ मध्ये बर्फाचा पार्क. तिथे सकाळी शिरलेलं कुटुंब दुपारी बाराला उघड्यावर, भर उन्हात नायट्रो या रोलर कोस्टरखाली उभं असतं. तासाभरानं ते डीप स्पेससारख्या काळोख्या राइडच्या रांगेत असतं, आणि त्यानंतर पाण्यात. या तिन्ही ठिकाणी सारखंच चांगलं काम करील असा एक कॅमेरा बाजारात नाही. आपल्या फोटोंत नेमकं काय जास्त असणार आहे, हे घरी बसूनच ठरवावं लागतं.

दुपारच्या उन्हात कुठलाही कॅमेरा चालतो. साधा फोनसुद्धा. तिथे अडचण सावलीची असते. डोक्यावरचं ऊन टोपीखाली, भुवयांखाली काळे डाग पाडतं आणि पोरांचे डोळेच दिसत नाहीत. त्यावर पैसे खर्चायची गरज नाही. पोरांना चार पावलं बाजूला, मंडपाच्या किंवा झाडाच्या कडेला घ्या, तोंड मोकळ्या आभाळाकडे करा. तसं करता येत नसेल तर भर दुपारी फ्लॅश लावा. दुपारी फ्लॅश म्हटलं की लोक माझ्याकडे चमकून बघतात, पण फ्लॅश सगळ्यात जास्त कामाला येतो तो दुपारीच.

खरी परीक्षा आत असते. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची लेन्स मिळते, तिच्या तोंडाशी कडेला बारीक अक्षरांत ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. दुकानात मी तीच कडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरतो, कारण खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. लेन्सचं भोक किती मोठं उघडतं ते तो सांगतो, आणि आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. या लेन्सचा झूम पूर्ण ताणला की ती ५.६ वर येते. शेजारी १.८ ची लेन्स ठेवली तर तेवढ्याच वेळात ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दहापट म्हणजे काय, ते पोरगं हललं की कळतं. धावणारं पोरगं गोठवून टिपायचं तर सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो निघायला हवा. पार्कातल्या संध्याकाळच्या मिरवणुकीत ५.६ ची लेन्स पन्नासाव्या भागापर्यंत रेंगाळते आणि पोराच्या जागी पुसट रेघ येते. १.८ ची लेन्स त्याच जागी, त्याच उजेडात डोळ्यांच्या पापण्यांसकट पोरगं देते.

या लेन्सना झूम नसतो, हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. पण निकॉनची ३५ ची १.८ लेन्स जेमतेम २०० ग्रॅमची आहे आणि कॅननची ५० ची १६० ग्रॅमची. घरच्या माणसांच्या फोटोंसाठी मी ३५ च सुचवतो. ५० ची लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७५-८० सारखी वागते, म्हणजे समोरचं फारच जवळ ओढते. रांगेत मागे सरकायला जागा नसते, आणि फोटोत निम्मी आत्या कापली जाते. झूम काय, आपले पाय करतात. रामोजीची गोष्ट वेगळी. १९९६ पासूनची ही फिल्मसिटी १६६६ एकरांवर पसरलेली आहे, बसमधून फिरवतात, सेट लांबून दिसतात. तिथे १८-५५ ची साधी लेन्स बरी.

आणि फोन? गेल्या काही वर्षांत फोननं धंद्याला फटका दिला, ते खरं. पण फोनला नावं ठेवून मी गिऱ्हाइकाला कॅमेरा विकणार नाही. अंधारात स्थिर उभ्या माणसाचा फोटो आजचा बरा फोन साध्या लेन्सच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला काढतो, कारण तो पाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. पण माणूस हललं की तीच युक्ती अंगाशी येते. म्हणून माझा सल्ला असा: उभ्या माणसांना फोन, पळत्या पोरांना कॅमेरा. ज्या घरात पळतं पोरगं नाही, त्या घरानं कॅमेरा घेऊच नये. तेवढ्या पैशात एक दिवस जास्त राहावं.

उन्हाळ्याच्या सुटीत निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. आयफोन बनवणारी कंपनी तो ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते, बहुतेक कॅमेऱ्यांची हद्द ४० अंश. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. म्हणजे फाट्यावर चहा प्यायला उतरताना गाडीच्या काचेखाली ठेवलेला कॅमेरा प्रवासातच भाजून निघतो. फोन तापला की पडदा मंद होतो, फ्लॅश बंद पडतो, आणि ऐन वेळी कॅमेराच उघडत नाही. पांढऱ्या सुती पंच्यात गुंडाळून, सीटखाली, पाण्याच्या बाटल्यांजवळ कॅमेऱ्याची पिशवी ठेवावी. बर्फाच्या पार्कातून बाहेर येताना उलटं होतं. गार काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. कॅमेरा आतच, प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर वीसेक मिनिटं उघडू नका. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात फिरून आलेले कॅमेरे घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा लेन्सच्या आत बुरशीचं जाळं पसरलेलं असतं. ती साफ करायला कधीकधी नव्या लेन्सइतका खर्च येतो. सिलिका जेलच्या चार पुड्या पिशवीत टाकल्या असत्या तर हे टळलं असतं.

पाण्यात फोनची प्लास्टिकची पिशवी वापरणार असाल तर आधी घरी बादलीत बुडवून बघा. आत फोन ठेवू नका, कोरडा कागद ठेवा. अर्ध्या तासानं कागद कोरडाच निघाला तर पिशवी खरी. फोन पाण्यात चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ती चाचणी साध्या पाण्यातली असते. तलावातल्या क्लोरिनची हमी कुणी देत नाही. पाण्याखाली पडदा बोटाला दाद देत नाही, फोटो आवाजाच्या बटणानं काढावा लागतो, हेही आधीच शिकून ठेवा.

कुणाच्या हातात, हा प्रश्न मी सगळ्यात जास्त ताणतो. त्याला कारण आहे. जुने अल्बम स्कॅन करून द्यायचं कामही माझ्याकडे येतं. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थाननं उभारलेल्या आनंदसागरचे फोटो वऱ्हाडातल्या किती घरांत आहेत, ते या कामामुळे मला दिसलं. छोट्या रेल्वेत बसलेली पोरं, तलावाच्या कठड्याशी आजी-आजोबा, नवी साडी नेसलेली काकू. आणि पानामागून पान उलटलं तरी घरातलं एक माणूस कुठेच नसतं. रोलच्या काळात ते बहुधा वडील असत, कारण छत्तीस फोटोंचा रोल दुसऱ्याच्या हाती देववत नसे. आता बहुतेक घरांत ती आई असते. पोरांचे हजारो फोटो तिच्या फोनमध्ये, आणि तिचा स्वतःचा एकही धड नाही.

म्हणून महागड्या कॅमेऱ्याची मला धास्ती वाटते. तो एकाच माणसाच्या गळ्यात राहतो. बाकीच्यांना हात लावायची भीती वाटते, आणि ज्याच्या गळ्यात असतो त्याला राइडवर जाता येत नाही, कारण सुट्या वस्तू घेऊन बसू देत नाहीत. ३७५ ग्रॅमचा कॅननचा आर ५० किंवा तसाच एखादा हलका कॅमेरा दहा वर्षांची पोरगी एका हातात धरते, आजोबांनाही धरता येतो. सगळं ऑटोवर लावून ठेवा आणि तो फिरता राहू द्या.

१९५५ मध्ये अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं त्याच वर्षी कोडॅकनं तिथे आपलं कॅमेऱ्याचं दुकान थाटलं. पुढे पार्कात जागोजागी इथून फोटो काढा अशा पाट्याही लागल्या. आता तशा जागा सगळ्या पार्कांत असतात. तिथे एक फोटो काढा आणि पुढे चला. तो फोटो सगळ्यांकडे आहे. रांगेत कंटाळून वडिलांच्या खांद्यावर झोपलेलं पोरगं, ओले केस झटकणारी मावशी, डबा उघडून ठेचा-भाकर वाढणारी आजी, हे तुमच्याच घरी सापडतं.

तर यंदा कॅमेरा घेणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर आधी घ्या, घरच्या अंगणात धावत्या पोरांवर हात बसवा, आणि एक जास्तीची बॅटरी घ्या. परत आलात की त्याच आठवड्यात पन्नास फोटो निवडून कागदावर छापून घ्या, कुठल्याही दुकानातून. आणि निवडताना बघा, घरातलं प्रत्येक माणूस त्यात आहे ना.