काळा समुद्र, पांढरा समुद्र

मांडवीची वाळू मुठीत घेतली की हाताला काळी चमक लागते. इल्मेनाइट या खनिजामुळे. पलीकडे मिऱ्याकडची वाळू मात्र पांढरी. म्हणून रत्नागिरीकर सरळ काळा समुद्र, पांढरा समुद्र असंच म्हणतात, आणि मधे भगवतीचा किल्ला.

आज मिरकरवाड्याला गेलो. लाँच लागल्या होत्या, बर्फाचा चुरा फावड्याने ओढला जात होता, बांगड्याच्या टोपल्यांभोवती कोळणींचा लिलाव चढत होता. या गावाचं खरं बंदरपण इथेच आहे. मुंबईच्या बोटी येत तेव्हा मांडवीलाही अशीच वर्दळ असायची. आता माणसं रेल्वेने येतात.

पण मला राहून राहून थिबाच आठवतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. 1910 मध्ये भाट्याच्या खाडीकडे बघणारा राजवाडा त्याला मिळाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. टिळकांच्या या जन्मगावात एक परका राजा तीस वर्षं नजरकैदेत होता, ही गोष्ट मला फार लागते. त्याची नात टूटू मराठी बोलत, गरिबीत, इथेच म्हातारी झाली. गावाने तिला आपलं मानलं, पण राजघराण्याची ही परवड इंग्रजांनीच केली.

रत्नागिरीला आलात तर राजवाड्यावरून परत फिरू नका. थिबाच्या समाधीपर्यंतही जा.