उभयतांची वनयात्रा : चंद्रपूर ते भामरागड

पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील अरण्याचे जिल्हे. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या येथून वाहत जाऊन एकमेकींस मिळतात आणि पुढे प्राणहिता होऊन गोदावरीच्या भेटीस जातात. व्याघ्रदर्शनापुरती एका दिवसाची धावती फेरी करणारे पुष्कळ असतात. पण पतिपत्नींनी आठवडाभर सावकाश हिंडावे असा हा प्रदेश आहे, याची कल्पना थोड्यांनाच असते.

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी असा एक आठवडा येथे घालवला. यजमानांचे वय ६६, माझे ६१. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून चौदा महिने झाले होते. डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली होती. घरात मुक्कामाला आलेल्या भीतीने मात्र दिली नव्हती. मी त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत असे आणि ते धाप लागली तरी बोलत नसत. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही दोन नियम ठरवले : एका दिवसात एकच ठिकाण पाहायचे, आणि थकवा आला की तो लपवायचा नाही.

आनंदवन आणि ताडोबा

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा लागते. तेथील आनंदवनात आमचा पहिला थांबा होता. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेली ही वसाहत. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि खडकाळ, ओसाड जमिनीवर शेती, विणकाम, सुतारकाम असे एकेक काम उभे राहिले. समाजाने टाकलेल्या माणसांनी विणलेली एक चादर आम्ही विकत घेतली. पुढे पहाटेच्या जंगलफेरीत तीच दोघांच्या गुडघ्यांवर होती.

ताडोबाचे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले; महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने. तारू नावाच्या गोंड प्रमुखाचा वाघाशी झुंजताना मृत्यू झाला आणि लोक त्याला देव मानू लागले, अशी आख्यायिका आहे. ताडोबा हे नाव त्याचेच. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर रस्त्याच्या कडेने गोंड राजवटीतील जुने दगडी खांब दिसतात. ऐनाची खवल्याखवल्यांची साल, बांबूची बेटे, पांढऱ्याफटक खोडाचे कांडोळ. या झाडाला भुताचे झाड का म्हणतात, ते पहाटेच्या धूसर उजेडात सांगावे लागत नाही. वाघ आम्हाला दिसला नाही. रानगव्यांचा कळप दिसला, तलावाच्या काठावर ऊन खात पडलेली मगर दिसली. एका वळणावर वाहन थांबवून चितळांचा इशारा ऐकत आम्ही वीस मिनिटे निःशब्द बसलो. घरी इतका वेळ गप्प बसलो असतो, तर मी दहादा विचारले असते, बरे आहे ना?

राणीचे शहर

चंद्रपूर आज औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाते. हवेतील धूळ जाणवते, हे खरे. पण या शहराच्या जन्माची कथा आरोग्याचीच आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचे अंग गाठींनी भरले होते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी तो प्यायला, त्या पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी गाठी ओसरलेल्या राणीच्या ध्यानी आल्या. तिने त्याला सोबत घेऊन ती जागा शोधून काढली. तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि पुढे नगर वसले, असे सांगतात. पाण्याच्या गुणाविषयी कोणी काहीही म्हणो, पतीला झोप लागली की नाही हे प्रथम पत्नीलाच कळते, एवढे मला पटले.

याच मंदिराशेजारी राजा बीरशहाची समाधी आहे. ती त्याच्या पत्नीने, राणी हिराईने बांधली. पतीच्या पश्चात तिने राज्यही सांभाळले.

शहराभोवतीचा परकोट सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा आहे. झाडाझुडपांत बुडालेल्या या तटाची स्वच्छता इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ साली हाती घेतली. म्हणून आज त्यावरून चालता येते. सकाळच्या उन्हात आम्ही चालू लागलो. अर्ध्या तासाने हे थांबले आणि म्हणाले, “छातीत काही नाही, पाय भरून आलेत. जरा बसू या.” न विचारता त्यांनी असे सांगण्याची ती चौदा महिन्यांतली पहिली वेळ होती. आम्ही तटावर बसून संत्री सोलली आणि तेथूनच परतलो.

मार्कंडा

मूलवरून पूर्वेकडे गेल्यावर चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होते. तटाच्या आवारातील मूळच्या चोवीस मंदिरांपैकी काहीच आज शिल्लक आहेत. मुख्य मंदिराच्या भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि प्रणयी युगुले इतक्या दाटीने कोरली आहेत की या स्थानाला विदर्भाचे खजुराहो म्हणतात.

अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाती परतावे लागले, ती कथा या क्षेत्राशी जोडलेली आहे. ह्यांनी ती ऐकली आणि म्हणाले, “त्याच्याकडे सोळाव्या वर्षीच आला. माझ्यासाठी पासष्ट वर्षे थांबला की!” ज्या विषयावर आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नव्हते, त्यावर आम्ही दोघे हसलो.

तीन नद्यांपाशी

आलापल्लीचे उंच, सरळ साग पाहत आम्ही हेमलकशाला पोहोचलो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये येथे माडिया गोंडांमध्ये काम सुरू केले. वीज नाही, रस्ता नाही, एकमेकांची भाषा येत नाही, अशा ठिकाणी या डॉक्टर दांपत्याने रुग्णसेवा आणि शाळा उभी केली. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामातील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे काम असेच जोडीचे. खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे प्राण घरच्या घरी वाचवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

येथून भामरागड जवळ आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. संध्याकाळी काठावरून आम्ही पाऊण तास चाललो. मी पावले मोजली नाहीत.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात आणि एरवी मंगळवारी बंद असतो. उघड्या वाहनात पहाटे कडाक्याचा गारठा आणि नंतर धूळ असते. कानटोपी व मास्क जवळ ठेवावेत. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी मागच्या चाकांवरील आसन टाळावे. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांची संमती घ्यावी, औषधे दुप्पट दिवसांची आणि दोन वेगळ्या पिशव्यांत न्यावीत, कारण आलापल्लीच्या पुढे मोठे रुग्णालय दूर राहते. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव आहे : पूर्ण बाह्यांचे कपडे, डासरोधक मलम आणि मच्छरदाणी हवीच. परतल्यावर पुढील काही आठवड्यांत ताप आला तर या प्रवासाचा उल्लेख डॉक्टरांपाशी आवर्जून करावा. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी मागावी. तिखट बेताने, हेही आधीच सांगावे.