पाच टेकड्या, बारा तास

आपल्याकडे जून म्हटला की पावसाची वाट पाहणे. दक्षिण आफ्रिकेत मात्र जून म्हणजे ऐन हिवाळा. ९ जून २०२४ च्या पहाटे डर्बन शहराच्या सिटी हॉलसमोर आम्ही शाल गुंडाळून उभे होतो. समोर दिव्यांच्या उजेडात हजारो धावपटूंची गर्दी आणि त्या गर्दीत कुठेतरी आमचा भाचा. रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून आम्ही आमचे तिकीट काढले होते. भाचा कारखान्यात फिटर, त्याचे तिकीट पतपेढीच्या कर्जातून. निघताना ताईने एवढेच सांगितले, "दादा, पदकाचं राहू दे. पोराला धड परत आण."

तिची काळजी उगाच नव्हती. या शर्यतीचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. नेहमीची मॅरेथॉन ४२ किलोमीटरची. ही तिच्या दुपटीहूनही मोठी. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधला हा रस्ता बहुधा एका वर्षी चढायचा आणि पुढच्या वर्षी उतरायचा. २०२४ चे वर्ष चढणीचे, अंतर सुमारे ८६ किलोमीटर. वाटेत काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स या पाच मोठ्या टेकड्या. मुदत बारा तासांची. बारा तास झाले की बंदूक वाजते आणि दरवाजा बंद होतो. मग माणूस रेघेपासून दोन पावलांवर असला तरी त्याला पदक नाही.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या गृहस्थांचे पूर्वज ऊसमळ्यांत मजुरीला आलेले. १८६० पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर या किनाऱ्यावर उतरले, त्यांतलेच हे घराणे. शर्यतीचा इतिहास आम्हाला त्यांच्याकडून समजला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफॅम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरने मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९२१ साली ती सुरू केली. त्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जण पोचले. सोबत्यांची म्हणवणारी ही शर्यत सगळ्यांची मात्र नव्हती. १९३५ साली रॉबर्ट मत्शाली हा काळा धावपटू सगळे अंतर धावला, पण अधिकृत यादीत त्याला जागा नव्हती. काळे, हिंदी आणि स्त्रिया यांना दार उघडले ते १९७५ साली. १९८९ साली सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता झाला. रस्ता सरकारी आणि पाय स्वतःचे, तरी धावायची परवानगी मिळायला ५४ वर्षे लागली!

बंदुकीआधी 'शोशोलोझा' हे गाणे होते. खाणींत कामाला जाणाऱ्या मजुरांचे, आगगाडीच्या चालीवरचे हे गाणे हजारो कंठांतून निघाले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. मग ध्वनिक्षेपकावर कोंबड्याची बांग झाली आणि साडेपाचला बंदूक सुटली. मागे उभ्या असलेल्यांना सुरुवातीची रेघ गाठायलाच कितीतरी मिनिटे लागतात आणि ती त्यांच्याच बारा तासांतून वजा होतात. भाचा मागेच होता. आमचा जीव तिथूनच वरखाली होऊ लागला.

याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात सराव करताना भाचा पहिली चढण जोरात धावला, पुढे डोळ्यांपुढे अंधारी येऊन रस्त्याच्या कडेला बसला. सकाळपासून पोटात फक्त चहा होता. आपल्या घरांतून ही सवयच आहे. उपाशी कामावर जायचे, भूक फार लागली की खायचे. त्यानंतर त्याने हा विषय नीट अभ्यासला आणि आम्हालाही समजावून सांगितला. तो वाचकांनाही उपयोगी पडेल.

आपल्या शरीरात साखरेचा साठा असतो तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन हजार कॅलरी. साठ किलोच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर धावायला सुमारे ६० कॅलरी लागतात. म्हणजे ८६ किलोमीटरला पाच हजारांच्या वर, चढाचे वेगळेच. उरलेले इंधन चरबीतून येते, पण चरबी सावकाश जळते. माणूस हळू गेला तर ती पुरवठा करते. चढावर धापा टाकत गेला तर साखरच भराभर संपते. भाचा म्हणाला, "मामा, हे पगारासारखं आहे. पहिल्या तारखेला उधळला की वीस तारखेला उसनवारी."

म्हणून त्याचे नियम दोन. पहिल्या टेकडीपासूनच चढ आला की थोडे धावायचे, थोडे चालायचे. दुसरा, भूक लागण्याआधी खायचे. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळते. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, संत्री मिळतात. पाणी लहान पिशव्यांतून देतात, कोपरा दाताने फाडायचा. ताईने दिलेला खजूर त्याच्या कमरेच्या पिशवीत होता. पाण्याचेही भान हवे. तहान नसताना घटाघटा पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस दगावू शकतो. दक्षिण आफ्रिकेचेच डॉक्टर टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे लिहून जगाला सावध केले.

यजमानांच्या मोटारीतून आम्ही आडवाटेने ड्रमंड गावी पोचलो. शर्यतीचा मध्य तिथे. सव्वाअकराच्या सुमाराला लांबून गाणे ऐकू आले. त्यांच्या भाषेत याला 'बस' म्हणतात. पुढे झेंडा घेतलेला अनुभवी धावपटू, तो ड्रायव्हर. मागे शंभर-दोनशे माणसे. ड्रायव्हर हाक देतो, "त्या खांबापर्यंत चाला", की सगळे चालतात. "आता धावा" म्हटले की सगळे धावतात. बारा तासांच्या बसमध्ये भाचा होता! आम्ही ओरडलो, "अरे, किती मागे आहेस, पळ की!" तो नुसता हसला, तोंडात बटाटा होता. थोडे आधी रस्त्याकडेच्या दरडीत 'आर्थर्स सीट' नावाची जागा आहे. पाच वेळा जिंकलेल्या आर्थर न्यूटनच्या आठवणीत तिथे फूल ठेवले की पुढचा अर्धा रस्ता बरा जातो, असा तिथला समज. भाच्यानेही एक रानफूल ठेवले होते.

ड्रमंड सोडताच इंचांगाचा चढ लागतो. त्याच भागात एथेंबेनी ही अपंग आणि अंध मुलांची शाळा आहे. तिथली मुले रस्त्याच्या कडेला हात पुढे करून बसतात. भाचा म्हणाला, तिथे त्याने पुष्कळ हातांना हात लावला आणि पायांतले दुखणे थोडा वेळ विसरला.

शेवटचे सात-आठ किलोमीटर उरले की पॉली शॉर्ट्स. लांबी दोन किलोमीटरहून कमी, पण पहाटेपासून चाललेल्या पायांना तीच सगळ्यांत मोठी. सकाळी पुढे पळालेले कितीतरी जण तिथे कठड्याला टेकलेले भाच्याला दिसले. बसमधल्या एका बाईचे पाय थांबले, तेव्हा दोघांनी तिला मध्ये घेतले आणि भाच्याने उरलेल्या खजुरातले चार तिच्या हातावर ठेवले. दिव्याच्या खांबांवर लक्ष ठेवत बस चढून गेली.

पीटरमॅरित्झबर्गच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात आम्ही घड्याळाकडे पाहत उभे. दिवस मावळला. ११ तास ४० मिनिटे, ४३ मिनिटे. मग गाणे ऐकू आले. ११ तास ४६ मिनिटांनी भाच्याने रेघ ओलांडली. ती बाई त्याच्या दोन पावले पुढे होती.

बारा तासांची बंदूक वाजवणारा अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, कोण राहिले हे त्याला दिसू नये म्हणून. आम्हाला मात्र दिसले. एक तरुण रेघेसमोर गुडघ्यांवर बसला. त्याच्याकडे पाहताना सकाळचे आमचे "पळ की" आठवले आणि वाटले, बरे झाले, पोराने मामाचे ऐकले नाही.

अकरा ते बारा तासांत पोचणाऱ्यांना तांब्याचे पदक मिळते. त्या पदकाला नाव आहे विक क्लॅफॅमचे. सर्वांत मागून येणाऱ्यांच्या गळ्यात एका इंजिन ड्रायव्हरचे नाव! आम्ही जन्मभर रेल्वेत काम केले. ते पदक हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो.

घरी पोचल्यावर ताईने पदक नंतर पाहिले. आधी विचारले, "खजूर पुरला का?"