जुन्या आरएक्स १०० ला रेसचा साज : १२,८०० रुपयांचा हिशेब

आज द्राक्ष नाही, हळद नाही, आज मोटारसायकल. पण घरात तरणं पोरगं असलं की हा विषयसुद्धा शेतीच्याच वहीत येतो, म्हणून नोंद करतोय.

पुतण्या बावीस वर्षांचा. त्याला रेसिंगची गाडी पाहिजे. शोरूमला किंमत दोन लाखाच्या आसपास आणि कर्ज माझ्या नावावर. गोठ्यात कडब्याआड थोरल्या भावाची यामाहा आरएक्स १०० उभी होती. ते गेल्यापासून तिला कुणी किक मारली नव्हती. म्हणलं, हिलाच रेसची करू. पोरगं हसलं. पण दोन दिवसांनी त्यानंच मोबाईलवर एक जुनी पिवळी यामाहा आणून दाखवली. "काका, करायची तर अशी."

ती गाडी केनी रॉबर्ट्सची. हा अमेरिकेचा गडी १९७८, ७९ आणि ८० असा सलग तीन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता होता. पिवळ्या रंगावर काळ्या चौकोनांची पट्टी, ही त्याच्या गाडीची ओळख. गाव कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो, तो पट्टा बदामाचा आणि द्राक्षाचा. मातीच्या ट्रॅकवर शिकून तो पुढं डांबरावर आला. द्राक्षपट्ट्यातला माणूस म्हणल्यावर मलाही बरं वाटलं.

आता आपली गाडी. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. वजन कमी म्हणून उचल चांगली. पण पुढं-मागं दोन्हीकडं ड्रम ब्रेक, आणि टायर बारीक. म्हणजे पळायला तयार, थांबायला कच्ची. पुढचा सगळा खर्च या एका गोष्टीवरनं ठरवला.

वहिनींची एकच अट होती, "त्यांच्या गाडीला कटर लावायचा नाही." पोरं मागची चासी कापतात, वेल्डिंग मारतात, ते इथं बंद. कायदाही तेच सांगतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. म्हणून जे करायचं ते नट-बोल्टवर, पुन्हा काढता येईल असं. मूळ हँडल गोणीत बांधून माळ्यावर ठेवलाय.

सुरुवात टाकीपासून. आत गंज होता. ठिबक धुवायला आणलेलं फॉस्फोरिक ॲसिड घरात होतंच. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच करायचं नाही. हातमोजे, चष्मा घालून टाकी हलवत धुतली, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच वाळवून आतनं तेलाचा हात. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी परत गंज.

इंजिन खोललं नाही. प्लग काढून भोकातनं थोडं टू-टी ऑइल सोडलं, हातानं किक दाबत पिस्टन सावकाश फिरवला. कार्बोरेटर साफ केला. या गाडीला ऑइलचा पंप वेगळा असतो. बरीच वर्षं उभी गाडी, पंपात हवा असणार, म्हणून पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल मिसळलं, आपल्या टू-स्ट्रोक फवारणी पंपासारखं. पंप ऑइल ओढतोय हे बघूनच पुढं साधं पेट्रोल.

पुतण्याचं म्हणणं, एअर फिल्टर काढू, सायलेन्सर मोकळा करू, आवाज येईल. इथं मी अडलो. फिल्टर काढला की हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. पळत्या गाडीचं इंजिन सीज झालं तर मागचं चाक जागेवर जाम. प्लगचा रंग बघायची सवय लावा. विटकरी-तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा पडला तर मिश्रण पातळ, काळा ओला असेल तर जाड. पान बघून खताची कमतरता ओळखतो, तसंच हे.

मग हँडल. रेसच्या गाडीला फोर्कला चिकटलेले दोन आखूड हँडल असतात. ते महाग, आणि मनगटाचं हाल. आम्ही मूळ क्लॅम्पवर बसणारा सरळ बुटका हँडल घेतला. बसवल्यावर दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं. टाकीला बोटं चेंगरतात का, केबल ताणून रेस आपोआप वाढते का? वाढत असेल तर केबलची वाट बदला. पायरी मागं घ्यायचं मात्र सोडून दिलं. मागं घेतली की किकला आडवी येते आणि ब्रेकचा रॉड बदलावा लागतो.

आता फायबरचं कुबड, म्हणजे रेसच्या सीटमागचा उंचवटा. ते सीटच्या मागच्या भागावर दोन बोल्टवर बसतं. वहिनींना बाजारला न्यायचं असलं की दोन बोल्ट काढायचे, सीट मोकळी. पुतण्याला जुन्या फवारणी पंपाची टाकी कापून करायचं होतं, पण त्या प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही. म्हणून काचेची मॅट आणि रेझिन आणलं. साचा थर्माकोल कोरून केला. रेझिन थर्माकोल खातं, म्हणून त्यावर द्राक्षाच्या खोक्याला लावतो ती चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. पट्टीला रेझिन चिकटत नाही, साचा सुटतो.

इथं एक गोष्ट नीट वाचा. रेझिनबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या येतात. या दोन्ही एकमेकांत सरळ कधीच मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतर हार्डनर, शंभर ग्रॅमला एक ते दोन मिली. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, मोजे, उघड्यावर काम. औषधं टाकीत कुठल्या क्रमानं घालायची हे आपण पाळतो, तीच शिस्त. आणि उन्हाच्या वेळी थोडं थोडंच करा. पुतण्यानं दुपारी मगभर केलं, ते मगातच तापून दगड झालं.

रंग शेवटी. कॉम्प्रेसर भाड्यानं आणला. घासणं, लांबी, प्रायमर, मग पिवळा. काळे चौकोन कागदी पट्टी लावून मारले, त्यात तीन संध्याकाळी गेल्या. पुतण्याला पुढं पिवळी नंबरप्लेट पाहिजे होती. त्याला सांगितलं, पिवळ्यावर काळी अक्षरं भाडोत्री वाहनाला असतात, पोलीस विचारतील प्रवासी कुठाय! शर्यतीचा आकडा बाजूच्या पत्र्यावर काढला, नंबरप्लेटला हात लावला नाही.

आता हिशेब, वहीतला जसाच्या तसा :

टायर-ट्यूब जोडी : ३,४००
ब्रेक शू, केबली, चाकांचे बेरिंग : १,५५०
चैन-स्प्रॉकेट किट : १,२००
फोर्क सील आणि ऑइल : ६५०
वायरिंग, बल्ब, इंडिकेटर, आरसे, प्लग : १,४००
हँडल : ७००
फायबरचं सामान : १,१००
रंग, लांबी, कॉम्प्रेसर भाडं : २,८००
एकूण : १२,८००

मजुरी यात नाही, ती आमची दोघांची. पहिल्या पाच ओळींची बेरीज ८,२००. हे थांबायला, वळायला आणि अंधारात दिसायला. शेवटच्या तीन ओळी मिरवायला, ४,६००. म्हणजे रुपयातले चौसष्ट पैसे कुणाला दिसतसुद्धा नाहीत. पोरं नेमकं उलटं करतात. आधी रंग, स्टिकर, आवाज, आणि पैसे संपले की गुळगुळीत टायरवर हायवेला. आमच्यात बोली अशी होती की शेताच्या रस्त्यावर गाडी सरळ रेषेत, न घसरता थांबवून दाखवल्याशिवाय पिवळ्या रंगाचा डबा उघडायचा नाही. लायनर बसायला आठवडा गेला. तो रोज संध्याकाळी खडूनं रेघ मारून थांबायचं अंतर मोजत होता. आठव्या दिवशी डबा उघडला.

कागदाचं राहिलं. मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. रंग बदलला की त्याची नोंद आर.सी.वर करून घ्यायची. विमा पाहिजेच. हे वरच्या हिशेबात धरलेलं नाही, त्याला वेगळे पैसे ठेवा. आम्ही गाडी वहिनींच्या नावावर केली. सही करताना त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणल्या, "आवाज तोच आहे."

शोरूमची गाडी पोराच्या डोक्यातनं गेली असं मी म्हणणार नाही. हप्ता मात्र चालू झालेला नाही आणि या गाडीचा प्रत्येक बोल्ट त्याला माहीत आहे. आता फवारणीचा पंप बंद पडला तर तो आधी प्लग काढून रंग बघतो, मग मला सांगतो.

तुमच्याकडं अशी गाडी असेल तर क्रम एवढाच लक्षात ठेवा. ब्रेक, टायर, दिवे, कागद, आणि पैसे उरले तर रंग. डोक्याला हेल्मेट या सगळ्याच्या आधी.